कसणाऱ्याची नोंद आणि न्यायालयाची नजर



जमीनसुधारणा कायद्यांचे न्यायालयीन पुनर्विलोकन, म्हणजे विधिमंडळाने केलेला कायदा आणि त्याखाली अधिकाऱ्याने दिलेला निर्णय या दोहोंची राज्यघटनेच्या कसोटीवर होणारी तपासणी, हा विषय जयपुरात मांडण्यास खास औचित्य आहे. राजस्थानातील जहागिरी खालसा करणाऱ्या 1952 च्या कायद्याला जहागीरदारांनी आव्हान दिले, राजप्रमुखांना असा कायदा करण्याचा अधिकारच नव्हता येथपर्यंत युक्तिवाद झाला, आणि 1955 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळून घटनेच्या 31-अ या अनुच्छेदाचे संरक्षण त्या कायद्याला लागू केले.

पुढे 1964 च्या सतराव्या घटनादुरुस्तीने राजस्थान कूळ कायदा, 1955 आणि महाराष्ट्राचा शेतजमीन कमाल धारणा कायदा, 1961 हे दोन्ही नवव्या परिशिष्टात, म्हणजे मूलभूत हक्कांच्या भंगाच्या कारणावरून रद्द होऊ नयेत अशा कायद्यांच्या यादीत, एकत्र आले. त्या दुरुस्तीला आव्हान देणाऱ्या सज्जनसिंह विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी बहुमताचा निर्णय देऊन ती वैध ठरवली; मात्र त्याच पीठावरील न्यायमूर्ती ज. र. मुधोळकर यांनी घटनेच्या मूलभूत वैशिष्ट्यातील बदलाला नुसती दुरुस्ती म्हणता येईल काय, अशी शंका नोंदवली. या शंकेत 1973 च्या केशवानंद भारती निकालातील मूलभूत संरचनेच्या सिद्धांताची पूर्वखूण दिसते, आणि कुळांच्या प्रश्नातून एवढा मोठा घटनात्मक विचार निघाला, ही मराठी कायदेपरंपरेने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

तथापि घटनापीठापुढे कायदा टिकला म्हणून कुळाच्या हाती जमीन आली असे होत नाही. राजस्थान कूळ कायदा 15 ऑक्टोबर 1955 रोजी अमलात आला, तेव्हा त्याच्या कलम 19 ने प्रामुख्याने त्या दिवशीच्या चालू वार्षिक नोंदवहीत ज्याचे नाव खुदकाश्त, म्हणजे जमीनधारकाने स्वतः कसण्याच्या, जमिनीचे कूळ किंवा शिकमी, म्हणजे पोटकूळ, म्हणून होते त्याला खातेदारी हक्क दिला. पटवारी प्रत्येक हंगामात शिवारात फिरून खसरा क्रमांकापुढे पीक आणि कसणाऱ्याचे नाव लिहितो, त्या नोंदीला गिरदावरी म्हणतात. महाराष्ट्रात तलाठ्याची पीकपाहणी आणि सातबाऱ्यावरील 'रीत' हा रकाना हेच काम करत. मुंबई कूळवहिवाट कायद्यानुसार 1 एप्रिल 1957 या कृषकदिनी कूळ मालक झाले की नाही, याचा वाद आजही बहुधा त्या एका रकान्यातील नोंदीवर अडतो, आणि ज्या नोंदीवर पिढ्यांचे पोट अवलंबून, ती लिहिताना कुळाला कोणी विचारलेही नसेल, ही या व्यवस्थेतील सर्वांत गंभीर उणीव होय.

राजस्थानात कलम 207 मुळे असे दावे दिवाणी न्यायालयात चालत नाहीत. ते महसूल न्यायालयातून अपिलाने अजमेरच्या महसूल मंडळापर्यंत आणि तेथून रिट अर्जाने उच्च न्यायालयात जातात, तर महाराष्ट्रात तहसीलदार, अपील अधिकारी आणि महसूल न्यायाधिकरण अशी वाट आहे. अनुच्छेद 227 खाली उच्च न्यायालय देखरेख करते, पुरावा नव्याने तोलत नाही. म्हणून पहिल्या पायरीवर चुकलेली नोंद शेवटच्या पायरीवर बहुधा 'वस्तुस्थितीचा निष्कर्ष' म्हणून कायम होते. हा संयम कायद्याला धरून आहे, परंतु नोटीस न देता, जबाब न घेता केलेल्या फेरफाराला निष्कर्ष म्हणणेच चूक आहे. तेथे न्यायालयाने हात आखडता घेऊ नये.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. मुंबई कूळवहिवाट कायद्याच्या कलम 84-क खालील स्वयंप्रेरणेने चौकशी करण्याचा अधिकार वाजवी मुदतीतच वापरला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, ते योग्यच झाले, कारण दशकांनंतर जुना व्यवहार उकरला की त्याचा भार मूळ जमीनदारावर न पडता प्रामाणिकपणे जमीन घेतलेल्या लहान शेतकऱ्यावर पडतो.

परिषदेत जमलेल्या वकील मंडळींना विनंती एवढीच की कुळाचे प्रकरण हाती घेताना कलमांआधी मूळ गिरदावरी किंवा पीकपाहणीची सही-शिक्क्याची नक्कल मागवावी, त्या वर्षीची नोटीस बजावली गेली होती काय ते तपासावे, आणि ती नसल्यास हा मुद्दा रिट अर्जापर्यंत न लांबवता पहिल्याच तारखेला लेखी नोंदवून घ्यावा.