स्तनाचा कर्करोग : चिठ्ठीपासून उपचारापर्यंत

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक मेळाव्यात वर्षभराच्या कामाचा आढावा घेण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. बाह्यरुग्ण विभाग, शस्त्रक्रिया व शिबिरे यांचा तपशील अहवालाच्या अन्य पानांवर आपण वाचालच. आज मात्र आम्ही आमच्या हातून घडलेल्या एका उणिवेविषयी आपणांशी मोकळेपणाने बोलणार आहोत. ज्यांच्या विश्वासावर ही संस्था उभी आहे, त्यांच्यापुढे ती मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील, चाळिशी ओलांडलेल्या एक भगिनी ऐन जून महिन्यात आमच्याकडे आल्या. स्तनात चिंचोक्याएवढी गाठ होती, दुखत नव्हती. आम्ही तपासले, आम्हांला शंका आली आणि पुण्यास जाऊन बायॉप्सी करावी अशी चिठ्ठी आम्ही त्यांच्या हाती दिली. आमच्या नोंदवहीत 'रुग्ण पुढे पाठविला' अशी नोंद झाली आणि आमचे काम संपले, असे आम्ही मानले.

त्या पुण्यास गेल्या नाहीत. आधी भाताची आवणी होती. मग गौरी-गणपती आले. पाठोपाठ भातकाढणी आणि झोडणी. गाठ दुखत नव्हतीच. त्यामुळे घरातील प्रत्येक काम तिच्यापेक्षा निकडीचे ठरत गेले. फेब्रुवारीत त्या परत आल्या तेव्हा गाठ मुठीएवढी झाली होती, वरची त्वचा फुटली होती आणि काखेतही गाठी लागत होत्या. शिधापत्रिकेच्या पिशवीतून त्यांनी आमचीच चिठ्ठी घडी न मोडता बाहेर काढली. 'का गेला नाहीत?' या आमच्या प्रश्नावर त्या म्हणाल्या, "जायाचं तर व्हतं, पर तिथं जाऊन कुणाला भेटायचं, ते चिठ्ठीत कुठं लिवलंय?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्यानंतर आमची एक कार्यकर्ती त्यांच्यासोबत पुण्यास गेली. प्रथम केमोथेरपी, नंतर शस्त्रक्रिया आणि त्यानंतर किरणोपचार असा दीर्घ मार्ग त्यांना चालावा लागला. आज त्या गोळ्यांवर आहेत व नियमित तपासणीस येतात. परंतु जून महिन्यात जे काम कदाचित लहान शस्त्रक्रियेने, स्तन राखूनही, झाले असते, त्यासाठी त्यांना फार मोठी किंमत मोजावी लागली, याची खंत आमच्या मनातून जात नाही.

ही एका घरची गोष्ट नव्हे. जागतिक पातळीवरील २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. या आजाराला औषध नाही, असा समज गावोगावी आहे. तो चुकीचा आहे. लवकर निदान झालेल्या बहुसंख्य रुग्णांचा आजार उपचाराने आटोक्यात येतो. गाठीच्या तुकड्याची तपासणी करताना ती संप्रेरकांना प्रतिसाद देणारी आहे की नाही, आणि 'हर-टू' या प्रथिनाचे तिच्यात आधिक्य आहे की नाही, हे पाहतात. संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या गाठीसाठी टॅमॉक्सिफेनसारखी स्वस्त गोळी किमान पाच वर्षे घेतल्याने मृत्यूचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. 'हर-टू'च्या रुग्णांसाठी ट्रास्टुझुमॅब हे इंजेक्शन आहे. एके काळी त्याचे नाव घेताच शेतकरी कुटुंब हाय खात असे. २०१४ साली त्याचे भारतीय बनावटीचे रूप बाजारात आले आणि २०१५ साली राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश झाला. किंमत उतरली, तरी सामान्य घराला ती आजही जडच आहे.

आता ज्या विषयाची आपल्या भागात सर्वाधिक धास्ती आहे, त्याकडे वळतो. मोठ्या रुग्णालयात गेलेल्या रुग्णास कधी कधी 'क्लिनिकल ट्रायल'मध्ये, म्हणजे उपचारांच्या शास्त्रीय चाचणीत, सहभागी होण्याविषयी विचारले जाते. नातेवाईक आमच्याकडे येऊन दबक्या आवाजात विचारतात, "आमच्या माणसावर प्रयोग करणार का?" ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. तिचे उत्तर उदाहरणांनीच द्यावे लागेल.

पहिले उदाहरण मुंबईचे. १९९८ साली टाटा स्मारक केंद्राच्या डॉक्टरांनी मुंबईतील गरीब वस्त्यांमध्ये एक चाचणी सुरू केली. ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजारांहून अधिक स्त्रिया तीत होत्या. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तनांची तपासणी केली. मॅमोग्राफीचे यंत्र वापरले नाही. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या स्त्रियांमध्ये आजार आधीच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. त्याहून लहान वयाच्या स्त्रियांमध्ये तसा लाभ दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. आहुपे वा आंबे-हातवीजसारख्या गावी यंत्र नेणे कठीण. पण प्रशिक्षित स्त्रीचा हात तेथे पोहोचू शकतो, हा या निष्कर्षाचा आपल्यासाठी अर्थ आहे.

दुसरे उदाहरण किरणोपचाराचे, ज्याला आपल्याकडे 'लाइट घेणे' म्हणतात. पूर्वी त्यासाठी आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे पाच आठवडे पुण्या-मुंबईत मुक्काम करावा लागे. ब्रिटनमधील चाचण्यांनी २००८ साली दाखवून दिले, की तीन आठवड्यांत १५ वेळा दिलेले किरणही तितकेच गुणकारी असतात. २०२० साली तेथीलच दुसऱ्या चाचणीने योग्य रुग्णांच्या बाबतीत एका आठवड्यातील पाच वेळांचा मार्ग खुला केला. घरी दुभती जनावरे आणि शाळकरी मुले सोडून आलेल्या बाईसाठी पाच आठवडे आणि एक आठवडा यांत किती अंतर आहे, हे आपणांस सांगावयास नको.

तिसरे उदाहरण सर्वांत साधे. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातील ११ केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांवर एक चाचणी झाली. शस्त्रक्रियेपूर्वी सात ते दहा मिनिटे गाठीभोवती लिग्नोकेन, म्हणजे दात काढताना वापरतात तेच बधिरतेचे औषध, टोचावयाचे, एवढाच फरक. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पाच वर्षांनंतर हयात असलेल्या स्त्रियांचे प्रमाण इंजेक्शन न दिलेल्या गटात ८६.४ टक्के, तर दिलेल्या गटात ९०.१ टक्के होते. या औषधाला शंभर रुपयेही लागत नाहीत. त्यातून नफा होणार नसल्याने अशी चाचणी कोणतीही औषध कंपनी सहसा हाती घेणार नाही. ती सार्वजनिक संस्थांनी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणाऱ्या स्त्रियांनीच पार पाडली.

म्हणून आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो, की चाचणी म्हणजे केवळ नवे महागडे औषध नव्हे. कमी दिवसांत, कमी पैशांत तोच गुण येईल काय, याचा शोधही चाचणीतूनच लागतो, आणि त्याची सर्वाधिक गरज जुन्नर-आंबेगावच्या स्त्रीला आहे. परंतु चाचण्या होतात शहरांत. ठरलेल्या तारखेस तपासणीला येणे ही त्यांची पहिली अट असते. उपचारालाच पोहोचू न शकणारी स्त्री चाचणीत कोठून येणार? परिणामी डोंगरातील स्त्रीच्या शरीराचा व परिस्थितीचा विचार या ज्ञानात कमीच होतो.

याचा अर्थ डोळे मिटून सही करावी असा मुळीच नाही. वर उल्लेखिलेल्या मुंबईच्या चाचणीत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचीही तपासणी होती. तुलनेच्या गटातील स्त्रियांना ती का दिली नाही, यावरून पुढे तीव्र वाद झाला. असे प्रश्न विचारले गेलेच पाहिजेत. २००९ सालापासून आपल्या देशात औषधांच्या चाचण्यांची सार्वजनिक नोंदणी बंधनकारक आहे. २०१९ सालच्या नियमांनुसार रुग्णास समजेल अशा भाषेत माहिती देऊन संमती घ्यावी लागते, आणि चाचणीमुळे इजा झाल्यास विनामूल्य उपचार व नुकसानभरपाई देण्याची तरतूद आहे. आपण विचारावयाचे प्रश्न मोजकेच आहेत : चाचणीत नसते तर कोणता उपचार मिळाला असता? खर्च कोणाचा? प्रवासखर्च मिळेल का? इजा झाल्यास जबाबदार कोण? मध्येच बाहेर पडता येईल का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कायद्यानेच दिले आहे : केव्हाही बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारात खंड पडता कामा नये.

खर्चाविषयीही गैरसमज आहेत. राज्य शासनाची जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली आठ जिल्ह्यांत आणि २०१३ साली राज्यभर सुरू झाली. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. योजनेशी जोडलेल्या रुग्णालयांत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार यांचा तीत समावेश आहे. तेथील 'आरोग्यमित्र' कागदपत्रांसाठी मदत करतो. याशिवाय उच्च न्यायालयाच्या आदेशान्वये आखलेल्या व २००६ सालापासून लागू असलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या आहेत. हे उपकार नसून रुग्णाचा हक्क आहे, आणि तो आमच्यासारख्या संस्थांनाही बांधील आहे.

मुंबईस जाणाऱ्यांसाठी परळचे टाटा स्मारक रुग्णालय आहे. १९४१ साली ते सर दोराबजी टाटा यांच्या विश्वस्तनिधीतून उभे राहिले, हे आजच्या सभेत आवर्जून आठवावेसे वाटते. मुक्कामासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी असंख्य कर्करुग्णांना आसरा दिला आहे. माळशेज घाट उतरून मुंबईस गेलेले डबेवाले व माथाडी बांधव आपल्याच मातीतले. तेथे आपले कोणीच नाही, अशी स्थिती म्हणूनच फार थोड्या घरांची असते. मार्च २०२३ पासून एस.टी.च्या प्रवासात स्त्रियांना निम्मे भाडेच द्यावे लागते.

थोडक्यात, उपचार आहे, योजना आहे, कायदा आहे. आपल्या भगिनीचे आयुष्य अडते ते यांच्यामधल्या वाटेवर. निदान निश्चित होण्याआधीच्या तपासण्यांचा खर्च बहुधा कुटुंबालाच करावा लागतो, आणि तेथेच अनेक जणी मागे फिरतात.

म्हणून आम्ही तीन गोष्टी ठरविल्या आहेत. पहिली, स्तनात गाठ आढळलेल्या कोणत्याही स्त्रीस नुसती चिठ्ठी देऊन पाठवावयाचे नाही. चिठ्ठीवर कोठे, कोणत्या वारी, कोणत्या विभागात जावयाचे हे मराठीत लिहिले जाईल, आणि पहिल्या खेपेस आमची कार्यकर्ती सोबत जाईल. दुसरी, बायॉप्सी व त्यावरील तपासण्यांसाठी स्वतंत्र निधी ठेवावयाचा. तिसरी, 'पुढे पाठविला' ही नोंद अंतिम मानावयाची नाही. रुग्ण पोहोचली, निदान झाले, उपचार सुरू झाला व पूर्ण झाला, असे चार रकाने भरल्याशिवाय नोंदवहीतील ते पान बंद होणार नाही. चाचणीविषयी विचारणा झालेल्या कुटुंबास संमतीपत्र वाचून समजावून देण्याचे कामही आम्ही करू. सही करावी की नाही, हे मात्र रुग्णानेच ठरवावयाचे.

देणगीदारांना आमची विनंती आहे, की नव्या इमारतीइतकेच या सोबतीच्या कामाकडेही लक्ष द्यावे. बसचे भाडे, दोन दिवसांचे जेवण, एका तपासणीचे शुल्क यांवर कोनशिला बसविता येत नाही. तरीही जूनमधील गाठ फेब्रुवारीपर्यंत लांबणार की नाही, हे पुष्कळदा त्यावरच ठरते. नातेवाइकांना विनंती एवढीच, की घरातील बाईने गाठ सांगितली तर आवणी उरकण्याची वाट पाहू नका. आणि तिला सांगता येईल असे घर ठेवा.

त्या भगिनींची ती जुनी चिठ्ठी आम्ही त्यांच्याकडून मागून घेतली आहे. नव्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर ती चिकटवली आहे. पुढील वर्षी याच मेळाव्यात त्या नोंदवहीचा हिशेब आम्ही आपणांपुढे ठेवू, असे आश्वासन देऊन आमचे निवेदन पूर्ण करतो.