थेंबाची साक्ष

कळवण तालुक्यांत कांद्याची पात जोमानें वाढूं लागली कीं फुलकिड्यांची चाहूल लागते आणि शेतकऱ्याच्या पाठीवर फवारणीचा पंप चढतो. फवारलेल्या औषधाचा कांहीं अंश पातीवर राहतो, कांहीं मातींत जिरतो, आणि उरलेला पावसाच्या सरीबरोबर ओहोळांतून विहिरीकडे व नदीकडे निघतो. केमच्या डोंगरांत उगम पावलेली गिरणा चणकापूरच्या धरणांतून कळवणच्या मुलखांत उतरते, व पुढें मालेगांव मागें टाकून खानदेशांत तापीस मिळते. तेव्हां येथील शेतांत काय फवारलें गेलें, हा प्रश्न एकट्या कळवणचा राहत नाहीं. पाणी मात्र दिसावयास निर्मळच असतें. डोळा, नाक किंवा जीभ यांपैकीं कोणासही त्यांतील विषाचा पत्ता लागत नाहीं.

याचें कारण त्या विषाचें अत्यल्प प्रमाण. २०१२ च्या भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या एक लिटर पाण्यांत क्लोरपायरिफॉस ३० मायक्रोग्रॅमपर्यंत व ॲट्राझिन २ मायक्रोग्रॅमपर्यंत चालतें. युरोपांत बहुतेक सर्व कीटकनाशकांस प्रत्येकीं ०.१ मायक्रोग्रॅम हीच मर्यादा आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. इतकें सूक्ष्म द्रव्य यंत्रास ओळखतां यावें, यासाठीं तें प्रथम एके ठिकाणीं गोळा करावें लागतें.

गोळा करण्याचें तत्त्व प्रत्येक गृहिणीच्या ओळखीचें आहे. रश्श्यांतील मिरचीचा लाल रंग पाण्यांत न राहतां वर आलेल्या तर्रींत उतरतो, कारण त्यास पाण्यापेक्षां तेलाची ओढ अधिक. अनेक कीटकनाशकांचा स्वभाव असाच आहे. म्हणून जुन्या पद्धतींत लिटरभर पाणी मोठ्या नरसाळ्यांत घेऊन त्यांत डायक्लोरोमिथेनसारखें द्रावक साठ साठ मिलिलिटर असें तीन वेळां घालीत, खळखळून हलवीत आणि मग तें द्रावक आटवीत. या कामांत वेळ जाई, खर्च होई, आणि हवेंत उडणारें तें द्रावक स्वतःच प्रकृतीस अपायकारक असे. पाण्यांतील विष शोधण्यासाठीं दुसरें विष ओतण्याचाच हा प्रकार होता.

१९९६ सालीं जेनो व कँटवेल या शास्त्रज्ञांनीं टेफ्लॉनच्या कांडीच्या टोकास ऑक्टेनचा अवघा आठ मायक्रोलिटरचा थेंब लटकावून तो पाण्यांत धरला, व तेवढ्या थेंबांतही द्रव्यें उतरतात असें दाखविलें. पण एकटा थेंब सावकाश काम करतो. २००६ सालीं इराणांत रेझाई, असादी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं यावर युक्ति काढली. पाण्याहून जड असें आठ मायक्रोलिटर टेट्राक्लोरोएथिलीन एक मिलिलिटर ॲसिटोनमध्यें मिसळून त्यांनीं तें पिचकारीनें पांच मिलिलिटर पाण्यांत वेगानें सोडलें. पाणी तत्काळ दुधाळ झालें. एका थेंबाचे असंख्य कण झाले. प्रत्येक कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा धरला, तर त्या सर्वांचें मिळून पृष्ठ मूळ थेंबाच्या सुमारें अडीचशें पट होतें. मग नळी यंत्रांत गरगर फिरविली कीं ताकांतून लोणी निघावें तसे ते कण एकत्र येऊन तळाशीं बसतात. पांच मायक्रोलिटरच्या त्या थेंबांत द्रव्य साधारणतः सहाशें ते अकराशें पट दाट झालेलें आढळलें.

मात्र या थेंबाच्या साक्षीसही मर्यादा आहेत. तळाशीं बसणारीं जड द्रावकें बहुधा क्लोरीनयुक्त, म्हणजे तींही निरुपद्रवी नव्हेत. फक्त त्यांचें प्रमाण नगण्य. गढूळ पाणी आधीं गाळून घ्यावें लागतें. मोनोक्रोटोफॉससारखें पाण्यांत सहज मिसळणारें औषध अशा थेंबाकडे फारसें वळत नाहीं. म्हणून थेंबांत कांहीं सांपडलें नाहीं एवढ्यावरून पाणी निर्दोष ठरत नाहीं. आणि थेंब वाचणारें यंत्र महागडें असल्यानें तें शहरांतल्या प्रयोगशाळेंतच राहतें.

अल्प द्रावकाचा हा विचार महाराष्ट्रास अपरिचित नाहीं. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रानें निर्यातीच्या द्राक्षांसाठीं जी पद्धत बसविली व २००७ सालीं प्रसिद्ध केली, तींत दहा ग्रॅम द्राक्षांस दहा मिलिलिटर एथिल ॲसिटेट पुरतें. परदेशीं जाणाऱ्या घडाची इतकी बारकाईनें परीक्षा होते. त्याच शिवारांतील विहिरीचें पाणी घरचीं मुलें रोज पितात.

तालुक्याच्या एखाद्या महाविद्यालयांत पिचकारी, नळ्या व फिरकीचें यंत्र एवढें साहित्य जमविणें अवघड नाहीं. फवारणीनंतरच्या पहिल्या पावसांत, म्हणजे नेमक्या वेळीं, विहिरीचा नमुना घेऊन थेंब तेथेंच काढावा, थंड ठेवावा आणि शहराकडे धाडावा. लिटरभर पाण्याच्या बाटल्या वाहून नेण्यापेक्षां हें सोपें आहे. आणि परीक्षा सोपी झाली, तरच ती वर्षांतून एकदां न होतां हंगामाहंगामास होऊं शकेल.