गटाच्या वहीवर दोघींची नजर

आज बोलूया आपल्या बचत गटातल्या जुन्या आणि नव्या बायांविषयी.

बऱ्याच गटांत वही लिहिते शिकलेली सून, आणि काकू-मावश्या नुसती सही किंवा अंगठा देतात. काम भागतं. पण उद्या ती सून शहरात राहायला गेली की वही कुणालाच उमगत नाही. पंचसूत्रीतलं हिशेबाचं सूत्र तिथंच तुटतं.

आता एक हिशेब बघा. कर्ज ५,००० रुपये, व्याज महिन्याला शेकडा दोन, हप्ते दहा. दर महिन्याला मुद्दल फिटतं ५०० रुपये. व्याज मात्र दर वेळी पूर्ण ५,००० वर धरलं, तर १०० रुपयांप्रमाणे दहा महिन्यांचे १,००० झाले. शिकलेली मुलगी म्हणेल, "काकू, दुसऱ्या महिन्यात ४,५००च उरले, मग व्याज ९० रुपये." असं उरलेल्या मुद्दलावर मोजलं तर एकूण व्याज होतं ५५० रुपये. गटातलं व्याज गटातच राहतं. पण बाहेरून कर्ज घेताना हा प्रश्न आधी विचारायचा. ४५० रुपयांचा फरक आहे.

हीच मुलगी जूनपासून हप्ते लावायला गेली, तर काकू सांगतील, "अगं, पेरणीत पैसा निघून जातो. सोयाबीन ऑक्टोबरात घरी येतं. तोवर नुसतं व्याज घ्या." हप्ता थकला एवढंच वही सांगते. घरात आजारपण आहे की नवरा पैसे काढून घेतो, हे काकूंना ठाऊक असतं. त्या बैठकीत पाणउतारा न करता घरी जाऊन विचारतात. हेही नव्या बाईनं शिकायचं.

म्हणून तीन गोष्टी करूया. प्रत्येक बैठकीत बचत, कर्ज, परतफेड आणि शिल्लक मोठ्यानं वाचायची. बँकेत एक जुनी आणि एक नवी अशा दोघींनी जायचं, पासबुक भरून आणून सगळ्यांना दाखवायचं. मोबाइल शिकवताना तो काकूंच्याच हातात द्यायचा. पिन त्यांचा त्यांनीच टाकायचा, कुणाला सांगायचा नाही, घरच्यांनाही नाही.

येत्या बैठकीत वही वाचायला सांगा. कळलं नाही तर पुन्हा विचारा. त्यात लाज कसली? पैसा आपल्या सगळ्यांचा आहे.