माईक कुणाच्या हातात?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



१९९३ पासून पंचायतींत बायकांना राखीव जागा मिळाल्या आणि गावोगाव एक नवंच पद निर्माण झालं – सरपंचपती. सही बाईची, बोलणं नवऱ्याचं. आपल्या संघटनांनी याविरुद्ध केवढं काम केलं! आज तृतीयपंथीयांच्या प्रश्नावर चर्चासत्रं होतात, तिथं मला तोच प्रकार दिसतो. व्यासपीठावर डॉक्टर, वकील, पोलीस अधिकारी आणि माझ्यासारख्या एम.एस.डब्ल्यू. झालेल्या बाया. ज्यांचा प्रश्न, त्यांना शेवटी पंधरा मिनिटं 'अनुभवकथना'ला. म्हणजे विश्लेषण आपण करायचं आणि रडायचं त्यांनी!

त्यांनी स्वतः बोलल्याने काय फरक पडतो? कायद्याचंच उदाहरण घेऊ. १५ एप्रिल २०१४ च्या 'नालसा' निकालात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं, की आपण स्त्री, पुरुष की तृतीयपंथी हे ज्याचं त्याने ठरवायचं. त्यासाठी शस्त्रक्रियेची अट नाही. या खटल्यात लक्ष्मी नारायण त्रिपाठी स्वतः पक्षकार होत्या. त्यांचं निवेदन निकालपत्रात आहे.

पुढे २०१६ साली सरकारने विधेयक आणलं. त्यातली व्याख्या काय, तर जी पूर्ण स्त्री नाही आणि पूर्ण पुरुषही नाही ती व्यक्ती! ओळख तपासायला जिल्हा समिती. आणि भीक मागायला लावणं हा गुन्हा, म्हणजे गुरु-चेल्यांच्या घरांवर टांगती तलवार. तृतीयपंथी आणि ट्रान्स संघटना रस्त्यावर उतरल्या, निवेदनं दिली. २०१९ चा कायदा आला तेव्हा ती व्याख्या, ती समिती आणि ते भिकेचं कलम, तिन्ही गेलेलं होतं. जिथं त्यांचं ऐकलं गेलं नाही तिथं काय उरलं, तेही पाहा. तृतीयपंथी व्यक्तीवरील लैंगिक अत्याचाराला या कायद्यात शिक्षा ठेवली ६ महिने ते २ वर्षे. तेव्हा स्त्रीवरील बलात्काराला किमान शिक्षा १० वर्षे होती. हा अन्याय त्यांनी तेव्हाच चव्हाट्यावर मांडला होता. आपल्यापैकी किती संघटनांनी त्यावर ठराव केला?

काही जणी विचारतात, 'आपलीच जागा अपुरी, त्यात आणखी वाटेकरी कशाला?' जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकला अंजली पाटील यांनी महिला राखीव प्रभागातून ग्रामपंचायतीचा अर्ज भरला. तो बाद झाला. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांना लढायची परवानगी दिली आणि त्या निवडून आल्या. लोकांनी मतं दिली म्हणून निवडून आल्या. यात कुठल्या बाईचं काय गेलं? 'खरी बाई कोण' याच्या परीक्षा आपणही दिल्यात. मूल नाही, कुंकू नाही, नवऱ्याने टाकली, म्हणून आपल्यातल्याच कितीजणींना हळदीकुंकवाला बोलावत नसत. ती परीक्षा दुसऱ्यांची घ्यायला आपण कशाला बसायचं?

आता कामाचं बोलू. मराठीत 'आला' की 'आली' हे म्हटल्याशिवाय वाक्यच पुरं होत नाही. तेव्हा अंदाज बांधू नका, विचारा आणि ती व्यक्ती सांगेल तसंच बोला. 'ऑपरेशन झालंय का?' हा प्रश्न सभेत कुणी विचारला तर अध्यक्षांनी तिथंच थांबवावा. कार्यक्रमपत्रिका छापून झाल्यावर पाहुणे म्हणून बोलावू नका, ती ठरवायच्या बैठकीलाच बोलवा. वकिलांना मानधन आणि प्रवासखर्च देता तसा त्यांनाही द्या. आणि पाणी, रेशन, घरभाडं, पोलीस, निवडणूक या विषयांवरही त्यांना बोलू द्या.

ट्रान्स पुरुषांकडे तर आपलं लक्षच जात नाही. मुलगी म्हणून वाढवलेले, घरात कोंडलेले, बळजबरीने लग्न लावून दिलेले. त्यांचं दुःख आपल्या सल्ला केंद्रांना चांगलं ओळखीचं आहे. ते दारात आले, तर 'हे फक्त बायकांसाठी' म्हणून परत पाठवायचं का, हे आपल्या बैठकीत आजच ठरवा.

माझं बोलणं मी इथं थांबवते. यापुढच्या सत्रात त्यांच्यापैकी तिघी बोलणार आहेत. त्यांना वेळ कमी पडू नये.