‘बट’ची जागा ठरलेली, ‘हाउएव्हर’ची ऐसपैस



‘ऑल्दो देअर इज नो बस टू माय व्हिलेज, बट आय अटेंड कॉलेज रेग्युलरली.’ नोकरीच्या अर्जात असं वाक्य दिसलं की इंग्रजीचे मास्तर ‘बट’वर लाल काट मारून पुढे सरकतात. मीही मास्तरच, मीही तेच करतो. ती काट का मारायची हे सांगायला वर्गात वेळ पुरत नाही. आज आकाशवाणीने थोडा दिला आहे.

हे वाक्य लिहिणाऱ्या मुलाच्या मनातलं मराठी वाक्य चोख असतं. ‘गावाला एसटी येत नसली, तरी मी नियमित कॉलेजला जातो.’ आता यात ‘जरी’ कुठे आहे? नाही. ‘नसली’ या रूपातच तो जिरून गेला आहे. ‘तरी’ मात्र काढून बघा, वाक्य अधांतरी लोंबकळतं. म्हणजे आपल्या ‘जरी–तरी’च्या जोडीत ‘जरी’ एक वेळ चुकला तरी चालतो, ‘तरी’ला सुट्टी नाही. इंग्रजीचा कारभार नेमका उलटा. तिथे पहिल्या वाक्यात ‘ऑल्दो’ आला की काम झालं, दुसऱ्या वाक्यात काहीच लागत नाही. मराठी कानाला ते अपुरं वाटतं, म्हणून पोरं ‘तरी’च्या रिकाम्या जागी ‘बट’ आणून बसवतात. हिंदीत ‘हालाँकि’नंतर ‘लेकिन’ येतो, चिनी भाषेतही अशीच जोडी आहे आणि इंग्रजी शिकणारे चिनी विद्यार्थी हीच चूक करतात.

‘बट’ चालत नाही याचं कारण साधं आहे. दोन वाक्यं म्हणजे रेल्वेचे दोन डबे धरले, तर ‘बट’ आणि ‘ऑल्दो’ ही दोन्ही कपलिंगं. दोन डब्यांमध्ये कपलिंग एकच. ‘हाउएव्हर’, ‘स्टिल’, ‘नेव्हरदलेस’ हे शब्द मात्र कपलिंग नव्हेत, ते डब्यातले प्रवासी. व्याकरणाच्या भाषेत पहिले उभयान्वयी अव्यय आणि दुसरे क्रियाविशेषण. विरोध दोघेही दाखवतात, आणि घोटाळा होतो तो तिथेच. शब्दकोशात दोघांसमोर ‘पण, परंतु, तथापि’ अशी एकच रांग लावलेली असते. अर्थ जुळला म्हणून जागा जुळत नाही, हे कोश कुठून सांगणार?

कपलिंग हलत नाही. ‘बट’ दोन वाक्यांच्या सांध्यावरच बसतो. त्याला उचलून मधे ठेवा, वाक्य मोडतं. प्रवासी मात्र आपल्या डब्यात कुठेही बसतो. ‘हाउएव्हर, द ऑफिस वॉज क्लोज्ड ऑन मंडे.’ ‘ऑन मंडे, हाउएव्हर, द ऑफिस वॉज क्लोज्ड.’ ‘द ऑफिस वॉज क्लोज्ड ऑन मंडे, हाउएव्हर.’ तिन्ही बरोबर.

इथे जरा थांबायला हवं, कारण ही ऐसपैस बैठक फुकटची नाही. ‘हाउएव्हर’ ज्या शब्दाला खेटून बसतो, बहुतेक वेळा विरोधाचा झोत त्याच शब्दावर पडतो. ‘ऑन मंडे, हाउएव्हर’ म्हटलं की इतर दिवशी ऑफिस उघडं होतं, हे न सांगता कळतं. ‘ही, हाउएव्हर, रिफ्यूज्ड’ म्हटलं की बाकीचे कबूल झाले होते. आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये, कारण ‘मात्र’ अगदी असाच वागतो. ‘सोमवारी मात्र ऑफिस बंद होतं.’ ‘तो मात्र नाही म्हणाला.’ ‘ऑफिस मात्र सोमवारी बंद होतं’ म्हणालात तर रोख ऑफिसवर जातो. कँटीन उघडं असावं! तेव्हा ‘हाउएव्हर’ शिकवताना त्याला ‘परंतु’ म्हणू नये, ‘मात्र’ म्हणावं, असं माझं मत आहे. अर्धी अडचण तिथेच मिटते.

योगायोग असा, की हा ‘मात्र’ इंग्रजीतल्या ‘बट’च्याही नात्यात निघतो. ‘ही इज बट अ चाइल्ड’ यात ‘बट’ म्हणजे ‘फक्त’, आणि ‘नाममात्र’मधला ‘मात्र’ही ‘फक्त’च. या जुन्या वळणात ‘बट’ स्वतःच क्रियाविशेषण असतो. जुन्या इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ ‘बाहेर, वगळून’ असा होता. सगळं वगळून उरलं ते ‘फक्त’, आणि सगळ्यांतून वेगळं काढलं ते ‘पण’; दोन्ही अर्थ वगळण्यातूनच निघाले.

अलीकडे आपल्या वर्तमानपत्रांनी ‘मात्र’ला उचलून थेट वाक्याच्या सुरुवातीला ठेवला आहे. ‘मात्र, पोलिसांनी हा दावा फेटाळला.’ पुढे स्वल्पविरामही असतो, ‘हाउएव्हर’नंतर असतो तसाच. मला ते खटकतं, पण माझ्या खटकण्याला कोण विचारतो? इंग्रजीतही याच जागेवरून वाद झाला होता. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम स्ट्रंक यांनी 1918 च्या आपल्या छोट्या लेखनपुस्तिकेत बजावलं, की ‘तरीही’ या अर्थाचा ‘हाउएव्हर’ वाक्यारंभी नको. त्यांचे विद्यार्थी ई. बी. व्हाइट यांनी 1959 साली ती पुस्तिका वाढवून काढली, तेव्हा हा नियम देशभर पोचला. आज चांगले चांगले लेखक तो बिनदिक्कत मोडतात. तरी नियमामागे एक शहाणपण होतं. वाक्यारंभीच्या ‘हाउएव्हर’चा दुसरा अर्थ ‘कितीही’ असा आहे. ‘हाउएव्हर हार्ड ही ट्राइड, ही फेल्ड.’ कितीही झटला, तरी नापास. इथे ‘हाउएव्हर’ला चिकटून स्वल्पविराम दिलात की अर्थाचा बट्ट्याबोळ.

विरामचिन्हांचा विषय निघालाच आहे, तर अर्जांमधली दुसरी नेहमीची चूक सांगतो. ‘आय अप्लाइड इन जून, हाउएव्हर आय गॉट नो रिप्लाय.’ इथे दोन डबे प्रवाशाच्या भरवशावर जोडले आहेत. ‘हाउएव्हर’च्या आधी पूर्णविराम द्या किंवा अर्धविराम द्या, आणि नंतर स्वल्पविराम. ‘बट’ असता तर नुसत्या स्वल्पविरामावर भागलं असतं.

आता चलाख विद्यार्थी विचारतो, ‘सर, रेन अँड मार्टिनच्या व्याकरणात तर दो–येट अशी जोडी दिली आहे. मग दोन कपलिंगं झाली ना?’ प्रश्न रास्त आहे, कारण ‘दो’ म्हणजे ‘ऑल्दो’च. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्येही ही जोडी आढळते. पण ‘येट’ हा दोन्ही घरचा पाहुणा आहे. कधी तो ‘बट’सारखा जोडतो, कधी नुसता ‘तरीही’ म्हणून बसतो. त्याला ओळखायची युक्ती अशी: ‘अँड येट’ म्हणता येतं, ‘अँड स्टिल’ म्हणता येतं, ‘अँड नेव्हरदलेस’ही चालतं, ‘अँड बट’ कोणी म्हणत नाही. ‘अँड’ ज्याला आपल्या शेजारी बसू देतो तो ‘बट’सारखं कपलिंग नव्हे. म्हणून ‘ऑल्दो’च्या पुढच्या वाक्यात ‘येट’ किंवा ‘स्टिल’ घातला तर बिघडत नाही. सुरुवातीच्या अर्जातल्या मुलाने ‘आय स्टिल अटेंड कॉलेज’ लिहिलं असतं, तर त्याचा ‘तरी’ही राहिला असता आणि माझी लाल शाईही वाचली असती.

याच न्यायाने ‘बट स्टिल’, ‘बट नेव्हरदलेस’ या जोड्या शुद्ध आहेत. एक जोडतो, दुसरा ‘असं असूनही’चा जोर देतो, आपल्या ‘पण तरीही’सारखा. ‘बट हाउएव्हर’ मात्र टाळावा. ‘हाउएव्हर’ला ‘नेव्हरदलेस’इतकं वजन नाही, तो ‘बट’चंच म्हणणं पुन्हा सांगतो. ‘पण परंतु’ म्हटल्यासारखं होतं ते.

‘स्टिल’ वापरताना मात्र जागा सांभाळा. ‘स्टिल, आय लाइक हिम’ म्हणजे तरीही तो मला आवडतो. आधी ‘ऑल्दो’ नसेल, तर ‘आय स्टिल लाइक हिम’ म्हणजे बहुधा अजूनही आवडतो. पहिल्यात त्याचे दोष आधी सांगून झालेले असतात. दुसऱ्यात बहुधा नुसता काळ लोटलेला असतो.

राहता राहिला बोलण्यातला ‘दो’. पुस्तकी इंग्रजीत तो ‘ऑल्दो’चा धाकटा भाऊ, पण गप्पांमध्ये वाक्याच्या शेवटी जाऊन बसतो. ‘इट्स एक्स्पेन्सिव्ह. नाइस, दो.’ ‘ऑल्दो’ला ही मुभा नाही. इंग्लंड-अमेरिकेतली माणसं बोलताना ‘हाउएव्हर’ फारसा काढत नाहीत, त्यांचं काम या शेवटच्या ‘दो’वर भागतं. आपण मराठी माणसं तिथे ‘पण’ टाकतो: ‘महाग आहे. छान आहे पण.’ त्यामुळे मुंबईच्या पोरांच्या इंग्रजीत ‘नाइस आहे बट’, ‘आय टोल्ड हिम, बट’ असं शेवटी लटकलेलं ‘बट’ ऐकू येतं. त्याला हसण्याचं कारण नाही. स्कॉटलंडमध्ये आणि ऑस्ट्रेलियात जन्माने इंग्रजी बोलणारी माणसंही वाक्य ‘बट’वर संपवतात. परीक्षेत मात्र तिथे ‘दो’ लिहा. पेपर तपासणारा स्कॉटलंडचा असण्याची शक्यता कमी.