डॉ. प्राइस आणि बोईसरची पोरं



दातांच्या डॉक्टरकडे माणूस येतो तो दात दुखायला लागल्यावर. त्यामुळे आम्हा डॉक्टरांना आयुष्यभर किडलेलेच दात बघायला मिळतात. अमेरिकेत क्लीव्हलंड शहरात डॉ. वेस्टन प्राइस नावाचे दंतवैद्य होते. साठीला आल्यावर ते चांगल्या दातांच्या शोधात निघाले आणि 1931 साली स्वित्झर्लंडमधल्या लोचेनटाल नावाच्या खोऱ्यात पोहोचले. सगळीकडून डोंगर, बाहेरचा माल फारसा येत नसे. पोरांच्या हातात राईच्या पिठाचा गावचा पाव, वर चीजचा जाड तुकडा आणि प्यायला दूध. मटण आठवड्यातून एखाद्या वेळी. दात घासायची फारशी रीत नव्हती, कित्येकांच्या दातांवर हिरवट थर साचलेला. त्या थराखालचे दात मात्र बहुतेक धडधाकट!

मग त्यांना राहवेना. स्कॉटलंडची बेटं, अलास्का, पूर्व आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, पेरू असे ते हिंडले. स्कॉटलंडच्या हॅरिस बेटावर त्यांना दोन सख्खे भाऊ भेटले. एक घरचं ओट आणि मासळी खाणारा, त्याचे दात उत्तम. दुसऱ्याला पांढरा पाव, जॅम, चॉकलेट यांची गोडी लागलेली, त्याचे पुढचे दात गेलेले. आईबाप तेच, घर तेच. 1939 साली त्यांनी हे सगळं फोटोंसह पुस्तकात मांडलं.

प्राइस यांचं सगळंच मान्य करावं असं नाही. जीवनसत्त्वं आणि क्षार कमी पडले की दात किडतात, यावर त्यांचा मोठा भर होता. तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात आणि ते आम्ल दात पोखरतं, हे आज पक्कं ठाऊक आहे. दाताच्या मुळातला संसर्ग सबंध शरीराला आजारी पाडतो, असं मानून ते रूट कॅनलऐवजी असे दात काढायला सांगत. ते मत पुढे टिकलं नाही, तेव्हा रूट कॅनलला कुणी घाबरू नये.

प्राइस भारतात आले नाहीत. पण त्याच काळात निलगिरीत कुन्नूरला संशोधक रॉबर्ट मॅकॅरिसन पांढऱ्या उंदरांना आपल्याकडच्या निरनिराळ्या प्रांतांचं जेवण घालून त्यांची वाढ मोजत होते. गहू, दूध, लोणी, भाजी असा शिखांचा आहार पहिला आला. मराठा आहार वरच्या फळीत होता आणि पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळावरचा आहार तळाला.

आता आपल्या बोईसरकडे या. पाड्यावरची म्हातारी माणसं नाचणीची भाकरी, आंबील, उडदाची डाळ, अंबाडीची भाजी, जवळा, सुकट यांवर वाढली. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात त्याचा तिसावा हिस्साही नसतो. जवळा तर अख्खाच पोटात जातो. जुनं म्हणून सगळंच चांगलं असंही नाही. दातांना लावायची मिश्री हा तंबाखूच आहे, तिनं हिरड्यांची आणि तोंडाची वाट लागते.

एमआयडीसी आली, चाळी वाढल्या. आई सकाळच्या पाळीला जाताना पोराच्या हातावर पाच रुपये ठेवते. पोराला दोष कसा द्यायचा? कोपऱ्यावरच्या दुकानात पाच रुपयांत क्रीमचं बिस्किट मिळतं, भाकरी मिळत नाही. ते बिस्किट दाताला चिकटून राहतं, वर गोड चहा, तासाभरानं गोळी. पाच वर्षांचं पोर तोंड उघडतं तेव्हा वरच्या पुढच्या दातांचे काळे खुंट दिसतात. आई म्हणते, "डॉक्टर, दुधाचेच आहेत, पडतीलच की."

इथं थोडं थांबून ऐका. साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या दाढांच्या मागे एक मोठी दाढ येते. ती येताना कुठलाही दात पडत नाही, म्हणून ती नवी आली हे घरात कळतच नाही आणि दुधाची समजून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. ती कायमची असते. आज रात्री पोराला उजेडात बसवा, गाल बोटानं बाजूला करा आणि अगदी मागे बघा. तिथं काळी रेघ किंवा खड्डा दिसला तर दुखायची वाट न बघता जवळच्या दवाखान्यात दाखवा. आणि गोड द्यायचंच असेल तर जेवणाबरोबर द्या, मधल्या वेळेला नको. मधल्या वेळेला भाजलेले शेंगदाणे, चणे, नाहीतर सकाळची उरलेली नाचणीची भाकरी चालेल.