बदलीपात्र विद्या
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



तरुण पिढीच्या शिक्षणाविषयी चार शब्द सांगावेत अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. उमेदीची वर्षे सरकारी टिपणे लिहिण्यात गेली. तरीही अभियांत्रिकीच्या अखेरच्या वर्षाचा इलेक्ट्रॉनिक्स प्रकल्प हा विषय आम्ही धिटाईने निवडला आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी तो सध्या चालू आहे, आणि त्याचा खर्च बहुधा आपणच भरीत आहोत.

पहाडगंजातून लाल किल्ल्यासमोरचे लाजपतराय मार्केट फार दूर नाही. रोधक, धारित्र, संवेदक, मोटार, हवा तो सुटा भाग तेथे मिळतो. मात्र अलीकडे पैसे मोजले की अहवालासह सबंध प्रकल्पच तयार मिळतो. आमच्या परिचयातील एका मुलाचे यंत्र असेच उत्तम चालत होते. नोकरीच्या मुलाखतीत त्याला एवढेच विचारले, ‘हा रोधक येथे का घातला?’ मुलगा निरुत्तर झाला. गुण पदरात पडले होते. विद्या मात्र दुकानातच राहिली होती.

यंत्राचे पुढे काय होते? ते माळ्यावर जाते, तेथून भंगारवाल्याकडे. दिल्लीतील असे पुष्कळ भंगार यमुनेपलीकडे सीलमपूरला पोहोचते. तेथे जुनी उपकरणे हातांनी फोडून धातू वेगळे काढण्याचा धंदा वर्षानुवर्षे चालत आला आहे. रूढ डाखात साधारण साठ भाग कथिल आणि चाळीस भाग शिसे असते. पट्टी विस्तवावर तापवली की त्याची बाधा तापवणाऱ्याला होते. २०११ च्या ई-कचरा नियमांनी ठरावीक उपकरणांतील शिशावर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. विद्यार्थ्याच्या मेजावरचा डाख पुष्कळदा जुनाच असतो. तेव्हा तोच मायक्रोकंट्रोलर पुढल्या वर्षीच्या मुलाच्या हाती देता यावा म्हणून तो डाखून न टाकता सॉकेटमध्ये बसवावा, ही सूचना वडीलधाऱ्यांनीही करण्याजोगी आहे. तिला अभियंता असावे लागत नाही.

आता पुण्याचे उदाहरण सांगतो, कारण त्याचा आम्हांला मनापासून अभिमान वाटतो. १८५४ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ नावाचा उपग्रह तयार केला. दहा सेंटिमीटर बाजूचा घन, वजन किलोभराच्या आत. २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी ३४ ने जे वीस उपग्रह नेले, त्यांत तो होता. आकाशात त्याची दिशा राखण्यासाठी मुलांनी मोटारी बसवल्या नाहीत. होकायंत्रातील सुईप्रमाणे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राला अनुसरणारे एक कायम चुंबक घातले आणि गिरकी शमवण्यासाठी विशिष्ट चुंबकीय धातूच्या कांड्या. या कामी विजेचा खर्च शून्य! काटकसर म्हणजे काय, हे आमच्या अर्थखात्यालाही यातून शिकता येईल.

परंतु आम्हांला त्याहून मोठे वाटते ते निराळेच. काम २००८ च्या सुमारास सुरू झाले आणि उड्डाण २०१६ मध्ये झाले. पदवी चार वर्षांची. म्हणजे ज्यांनी पहिली आकृती काढली ते उड्डाणाच्या दिवशी विद्यार्थी उरलेले नव्हते, आणि ज्यांनी शेवटचा स्क्रू आवळला त्यांनी आरंभ पाहिला नव्हता. मध्ये तुकड्यांमागून तुकड्या गेल्या. एकाने केलेली चाचणी, फसलेला जोड, बदललेले मूल्य दुसऱ्याला समजेल असे मागे ठेवल्याखेरीज हे घडणे अशक्य. आम्ही केंद्र सरकारचे नोकर. बदलीचा हुकूम आला की कार्यभार सोपवणे म्हणजे काय हे आम्ही जाणतो. कपाटाची किल्ली देणे निराळे आणि फाइलीतील अडचण सांगणे निराळे. चांगली टाचणे ठेवणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव पुढचा मनुष्य वर्षानुवर्षे काढतो. दुसऱ्याचेही काढतो, पण निराळ्या सुरात.

त्याच वर्षी २६ सप्टेंबरला मुंबईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ गेला. वातावरणाच्या आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची मोजणी हे त्याचे काम. त्याचे संदेश टिपण्यासाठी इतर महाविद्यालयांतील मुलांनीही आपापली भूस्थानके उभारली. विद्या एका आवारातून दुसऱ्या आवारात गेली ती अशी.

भारत २०१४ साली वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. त्यानंतर महाविद्यालयांच्या मूल्यांकनात पर्यावरणाचे भान, संघकार्य, संभाषण, खर्चाचे नियोजन हीही पदवीची फलिते मानली गेली. कागदोपत्री ती प्रत्येक अहवालात असतात. परंतु सुटे भाग मागवताना दर ठरवणे, बिघाड शोधण्यासाठी एकेक शक्यता वगळणे, आपली चूक सहकाऱ्याला स्पष्ट लिहून कळवणे, या गोष्टी विकत घेतलेल्या पेटीतून येत नाहीत. त्या आल्या तर मुलगी उद्या रुग्णालयाच्या उपकरणांवर काम करो वा बँकेत, पुण्यात राहो वा परदेशी, सामानाबरोबर जातात. आपण सारे बदलीची माणसे. आपल्याला हे निराळे सांगावयास नको.

म्हणून मंडळापुढे एक लहानशी मागणी ठेवतो. ग्रंथालयात एक कपाट मोकळे करावे. आपल्या मुलांनी प्रकल्प संपल्यावर चालू स्थितीतील भाग तेथे आणून द्यावेत आणि प्रत्येकाबरोबर एक वही: काय केले, काय बिघडले, काय अपुरे राहिले. वही मराठीत असली तर उत्तम, नसली तरी चालेल. पहिली वही कोणाची येते ते पाहू. कपाटाच्या कुलपाचा खर्च आमच्याकडे.